वतन, भाकरी आणि किराण्याची वही

सौदी अरेबियात नव्याने आलेल्या मराठी माणसाला अरबी येत नसली तरी दुकानदाराच्या तोंडचे काही शब्द ओळखीचे वाटतात. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, नफा, कर्ज, दलाल हे शब्द अरबीतून निघाले, फारसी दफ्तरांच्या वाटेने दख्खनेत आले आणि मराठीत इतके मुरले की आपल्या आजीलाही ते परके वाटले नाहीत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे बकाला म्हणतात. जुन्या मराठीत बकाल म्हणजे धान्य विकणारा वाणी. गलिच्छ वस्तीला बकाल म्हणण्याची रीत पुढची. आपण घरखर्चाची वही मराठीत लिहितो तेव्हा तिच्यातले निम्मे शब्द या वाळवंटातून आलेले असतात.

या यादीत एक शब्द मात्र असा आहे की तो ऐकला की आम्ही क्षणभर थांबतो. तो शब्द म्हणजे वतन. अरबीत वतन म्हणजे मायभूमी. २३ सप्टेंबरला इथे राष्ट्रीय दिन साजरा होतो, त्याच्या अरबी नावात हाच शब्द आहे. त्या दिवशी रस्तोरस्ती हिरवे झेंडे लागतात आणि मोठ्या दुकानांतून सवलतींची पत्रके वाटली जातात. आमच्या पणजोबांच्या कानाला हा शब्द निराळा लागत असे. त्यांच्यासाठी वतन म्हणजे महारवतन: पिढ्यान्पिढ्या गावकी करायची, सरकारी टपाल पोहोचवायचे, हद्दीचे वाद मिटवायला साक्षीला उभे राहायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याच्या मोबदल्यात थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी घ्यायची. पगार नावाची गोष्ट त्या व्यवहारात जवळजवळ नव्हतीच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली ती या व्यवस्थेवर घाव घालण्यासाठी; पण कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आज तिशीत असलेल्या आमच्या पिढीच्या आजोबांनी आपले ऐन तारुण्य त्या वतनात काढले आहे.

किराण्याचे बिल कसे कमी करावे, याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला या विषयाचा इतिहास पाहावासा वाटतो, कारण काटकसर करायला आधी दोन गोष्टी लागतात: हातात रोकड आणि समोर निवड. त्या दोन्ही आमच्या घराण्यांच्या वाट्याला फार उशिरा आल्या.

जो माणूस भाकरी मागून आणतो त्याला ती ज्वारीची की बाजरीची, ताजी की शिळी, हे ठरवता येत नाही. गावच्या दुकानात पैसे घेऊन गेला तरी ते लांब ठेवायचे, वाण्याने वरून टाकलेला जिन्नस पदरात झेलायचा. मापात कमी पडले तर तराजूला हात लावण्याची सोय नाही. भावात घासाघीस करणे हा आज कुणालाही सामान्य वाटणारा हक्क त्या काळी आपल्या माणसांना नव्हता. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. ती वाचताना स्वयंपाकातल्या कल्पकतेचे कौतुक वाटते. मांस उन्हात वाळवून चान्या करून ठेवणे, तेलाच्या थेंबाची किंमत ओळखून चालणे, रानातल्या फुकटच्या पालेभाज्यांची नेमकी ऋतुवार माहिती ठेवणे, प्राण्याचा एकही भाग वाया न घालवणे: आजच्या भाषेत याला कोणी आदर्श व्यवस्थापन म्हणेल. तसे म्हणण्याचा मोह आम्हाला होत नाही. त्या चुलीवर जे शिजत होते ते निवडलेले नव्हते. गरजेतून आलेल्या कौशल्याला मान द्यावा, गरजेला देऊ नये.

घरखर्चाचा हिशेब आणि स्वाभिमान यांची पहिली उघड टक्कर १९२७ साली महाडला झाली. मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे मागून खाणे सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या वेळी ते स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि असे मांस घरात येऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले. हे लक्षात घेण्यासारखे आहे. घरात काय शिजणार, हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीचा आहे आणि तो राजकीय अधिकार आहे, हे त्यांनी मनुस्मृती जाळली त्याच सुमारास सांगितले.

आर्थिकदृष्ट्या हे आवाहन घाट्याचे होते. भाकरी गेली, मांस गेले, कातड्याचे चार पैसे गेले, आणि त्यांच्या जागी लगेच काही आले नाही. विरोधकांनी हा घाटा आकड्यांत मांडूनही दाखवला. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्याची आठवण सांगितली: ‘केसरी’तून हिशेब मांडला गेला होता की मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे, हाडे, मांस यांचे मिळून वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर साधे होते. ज्यांना यात एवढा नफा दिसतो त्यांनी हा धंदा खुशाल करावा. माणसाला इज्जत नफ्याहून प्यारी असते. साधी चटणी-भाकरही नीट मिळत नसताना आपल्या बाया अब्रूने जगतात, असेही ते त्या भाषणात म्हणाले. अर्थशास्त्राचा डॉक्टर असलेला माणूस आकडे नाकारत नव्हता. वहीत एक रकाना कमी आहे, एवढेच तो दाखवत होता.

त्या रकान्याचे भान त्यांना पुस्तकातून आले नव्हते. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, ती महिना साडेअकरा पौंडांची होती आणि तिच्यातूनच घरी पैसे पाठवायचे होते. एक पेला कॉफी, दोन मफिन आणि मांसाचा किंवा माशाचा एखादा पदार्थ, एवढ्यावर ते भागवत, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्याच काळात त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. खाण्याच्या पैशांतून वाचवलेले पैसे कुठे गेले, याचा हा हिशेब आहे. ती पुस्तके पुढे बहुतांशी हातची गेली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडाली.

अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास पुरा करण्यासाठी त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी धरली. १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत पगार होता महिना साडेचारशे रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. चाळीतल्या सामान्य माणसाने एवढ्या पगारावर बिऱ्हाड बदलले असते. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत राहिले, घरखर्चाला ठरावीक रक्कम देत राहिले आणि उरलेले बाजूला टाकत गेले. मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य जोडून ते १९२० साली पुन्हा निघाले. लंडनमधल्या त्यांच्या दिवसाचे वर्णन आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकले आहे. सकाळी पावाचा तुकडा, थोडा जॅम आणि पेलाभर बोव्हरिल. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. रात्री पोटात आग पडली की ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे. १९२३ साली हा माणूस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहून डी. एस्सी. झाला. रुपयाचा प्रश्न त्याने सोडवला तेव्हा त्याच्या खिशात तो क्वचितच असे, असा विनोद आमच्याकडे होतो. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

या कथेचा लंडनमधला अर्धा भाग आपण अभिमानाने सांगतो. परळमधला अर्धा भाग सांगताना आपला आवाज खाली येतो, तो यायलाच हवा. घरी रमाई होत्या. सरपणाचा खर्च वाचावा म्हणून त्या शेण गोळा करून आणत, गोवऱ्या थापत. ही दंतकथा नाही. १९२८ च्या फेब्रुवारीत ‘बहिष्कृत भारता’तल्या लेखात बाबासाहेबांनी स्वतः कबूल केले आहे की आपण परदेशात असताना प्रपंचाची काळजी जिने रात्रंदिवस वाहिली आणि परतल्यावरच्या हलाखीतही जिने शेणाचे भारे डोक्यावर वाहिले, त्या पत्नीला आपण चोवीस तासांतला अर्धा तासही देऊ शकलो नाही. त्यांची चार मुले गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मुलांच्या जाण्याने आयुष्यातले मीठच गेल्याचे म्हटले आहे. रमाई स्वतः २७ मे १९३५ रोजी गेल्या. पाकिस्तानविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यात त्या मित्रहीन, ओढगस्तीच्या दिवसांचा उल्लेख आहे.

म्हणून रमाईचे नाव घेऊन कोणी आपल्या बायकोला कमी खर्चात घर चालवण्याचा उपदेश करू लागला की आम्हाला ते खटकते. रमाईची काटकसर ही एका अन्यायी समाजाने त्या घराकडून वसूल केलेली किंमत होती. तिचे ऋण मानायचे असते. तिचा कित्ता आपल्या घरातल्या बाईने गिरवावा, असे म्हणणे हा त्या ऋणाचा अपमान आहे.

खुद्द बाबासाहेबांनी गरिबीचे स्तोत्र कधी गायिले नाही. १९१८ साली, म्हणजे सिडनहॅमच्या दिवसांतच, त्यांनी बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त लिहिले. संपत्तीविषयीचा नैतिक तिरस्कार कुठून आला, याची त्यांनी तिथे मीमांसा केली आहे. जुन्या जगात माणसाच्या श्रमातून फारच थोडे पिकत होते. सगळ्यांना पुरेल एवढे नव्हतेच. तेव्हा उपदेशकांनी गरिबी आणि त्याग यांचे गोडवे गायिले, कारण दुसरे काही शक्य नव्हते. उत्पादन वाढल्यावर ती नीती जुनी होते, असा त्यांचा रोख आहे. अवघ्या सत्तावीस वर्षांचा, चाळीत राहणारा, पै-पै जपणारा प्राध्यापक हे लिहीत होता.

ही भूमिका पुढे त्यांना बुद्धात सापडली, हा योगायोग मानता येणार नाही. अंगुत्तर निकायात कोलियांच्या कक्करपत्त गावातल्या दीघजाणु नावाच्या गृहस्थाची गोष्ट आहे. तो भगवंतांना म्हणतो, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन-माळा वापरणारी, सोने-रुपे हाताळणारी माणसे. आमच्या कल्याणाचे काही सांगा. तथागत त्याला संसार सोडायला सांगत नाहीत. ते चार गोष्टी सांगतात: उद्योग करणे, मिळवलेले जपणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि समजीविता, म्हणजे तोल राखून जगणे. इथे तराजूचा दृष्टांत येतो. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की एवढ्याने पारडे खाली गेले, एवढ्याने वर आले, तसा गृहस्थ आपली जमा आणि आपला खर्च ओळखून राहतो. खर्च जमेहून जास्त होऊ देत नाही. कमाई थोडी आणि राहणी उधळी असेल तर लोक म्हणतात, हा उंबर खाणारा: चार फळांसाठी अख्खे झाड हलवून सडा पाडणारा. आपल्याकडे या दृष्टांताचा एवढाच भाग सांगितला जातो. उरलेला भाग असा की ज्याची कमाई मोठी आणि राहणी दरिद्री, त्यालाही लोक नावे ठेवतात. हा उपासमारीने मरेल, म्हणतात. दोन्ही पारड्यांना दोष सारखाच आहे.

हे दुसरे पारडे आखातातल्या माणसाने विशेष लक्षपूर्वक पाहावे. एका खोलीत सहा-सहा जण राहून, रोज तीच डाळ आणि तोच खुब्ज खाऊन, सगळा पगार गावी पाठवणारे आपले बांधव आम्ही पाहतो. घर बांधायचे असते, बहिणीचे लग्न असते. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. पण चाळिशीत मधुमेह आणि रक्तदाब घेऊन परतणाऱ्याच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी औषधांचा रकाना उघडावा लागतो, हेही खरे.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. महागाई हा आपल्या चळवळीचा विषय होता, हे हल्ली विसरले गेले आहे. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने जो देशव्यापी सत्याग्रह केला तो भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून ओळखला जातो. त्याच्या मागण्यांत पडीक जमिनीच्या वाटपाबरोबर धान्याचे वाटप आणि वाढत्या किमतींना आळा या मागण्याही होत्या. हजारो स्त्री-पुरुष त्यासाठी तुरुंगात गेले. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत महागाईविरोधी समितीच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते ही नावे तेव्हा घरोघरी पोहोचली. त्याच वेळी मराठवाड्यात आमच्या आज्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या आणि अमेरिकेतून आलेला लालसर मिलो आणि सुकडी यांवर दिवस काढत होत्या. त्या मिलोच्या भाकरीची चव आमच्या घरांत अजून शिवीसारखी आठवली जाते. पुढच्याच वर्षी, १९७३ च्या ऑक्टोबरनंतर, तेलाची किंमत काही महिन्यांत पिंपाला तीन डॉलरांच्या आसपासवरून बाराच्या घरात गेली आणि आखाती देशांत कामगारांची मागणी उसळली. कोकणातले मुस्लीम बांधव त्या लाटेत आधी आले. आपली माणसे बरीच नंतर, शिक्षणाच्या शिडीने आली: आयटीआय, पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंग.

आता या देशातल्या घरखर्चाकडे वळू. २०१७ पर्यंत इथल्या भारतीय कुटुंबाला किराण्याची फार चिंता नव्हती. पगारावर आयकर नाही, पेट्रोल-वीज स्वस्त, पिठाला सरकारचा आधार. त्या वर्षीच्या जुलैपासून परदेशी नोकरदाराच्या घरातल्या प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू झाले आणि ते दरवर्षी १०० ने वाढत २०२० च्या जुलैत ४०० वर पोहोचले. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०२० ला तो १५ टक्के झाला. डाळ, तांदूळ, दूध यांना त्यातून सूट नाही. पत्नी आणि दोन मुले असलेल्या माणसाचा हिशेब करून पाहा. शुल्क वर्षाला १४,४०० रियाल, आणि इकाम्याच्या नूतनीकरणाबरोबर ते आगाऊ भरायचे. किराणा कराशिवाय महिना १,५०० रियालचा धरला, तर त्यावरचा कर ७५ रियालवरून २२५ वर गेला. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात अनेकांचे पगार कापलेले होते. ज्यांना तोल साधला नाही त्यांनी बायकोमुलांना कायमचे परत पाठवले. विमानतळावर निरोप देऊन रिकाम्या घरी येणारे किती जण आम्ही पाहिले, त्याची मोजदाद ठेवली नाही. किराण्याच्या बिलाचा प्रश्न इथे चैनीचा नव्हता आणि नाही; मूल बापाजवळ वाढणार की व्हिडिओ कॉलवर, हे त्यावर ठरत होते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण ‘घरचे ते स्वस्त’ या समजुतीला या देशाने स्वतःच एक मोठे उदाहरण दिले आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सौदी सरकारने गव्हात स्वयंपूर्ण होण्याचे ठरवले. शेतकऱ्याला टनाला ३,५०० रियाल भाव दिला गेला, जागतिक बाजारभावाच्या कितीतरी पट. कसीम, हाइल, तबूक, वादी अद-दवासिर इथे वाळवंटात फिरत्या सिंचनाची हिरवी वर्तुळे उमटली. १९९२ च्या सुमारास उत्पादन चाळीस लाख टनांवर गेले आणि हा देश गहू निर्यात करू लागला. पण ते पीक जमिनीखालच्या हजारो वर्षांपूर्वीच्या, पुन्हा न भरणाऱ्या पाण्यावर उभे होते, आणि पाण्याची किंमत वहीत लिहिलीच जात नव्हती. २००८ साली सरकारने खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. २०१६ पर्यंत ती थांबली. आज इथली चपाती मुख्यतः आयात गव्हाची आहे. घरचा गहू स्वस्त वाटत होता, कारण एक रकाना कोरा होता.

आमच्या घरांतही असा एक रकाना कोरा असतो. बाहेरचे जेवण बंद करून सगळे घरी शिजवायचे ठरले की बिल खरोखर खाली येते. ते कोणाच्या तासांमुळे येते? इथे आश्रित म्हणून आलेल्या आपल्या कितीतरी भगिनी एम. ए., बी. एड., बी. ई. आहेत आणि नोकरीविना घरी आहेत. त्यांच्या श्रमाला मोल न लावता केलेल्या बचतीला आम्ही बचत म्हणत नाही. आमच्यापैकी काही घरांनी २०२० नंतर यावर सरळ तोडगा काढला: शुक्रवार-शनिवारचा स्वयंपाक पुरुषांचा, आठवड्याची भाजी निवडून ठेवणे मुलांसह सर्वांचे. भाकरी थापायला आमच्यातल्या काही इंजिनिअरांना सहा महिने लागले. त्यांच्या पहिल्या भाकऱ्यांचे आकार भारताच्या नकाशाशी जुळत होते, असे त्यांच्या मुली सांगतात.

खरेदीचे म्हणाल तर अनुभव असा आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून तांदूळ, तूरडाळ, तेल घाऊक घेतले की फरक पडतो. आणण्यासाठी एक गाडी आणि वाटण्यासाठी एक तराजू पुरतो. मुंबईकरांना हे नवे नाही. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली अपना बाजार उभा केला आणि मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्र मागणीची पद्धत रुळवली, ती याच तत्त्वावर. टोमॅटो, कांदे, बटाटे मंडईतून पेटीने घ्यावेत आणि वाटून घ्यावेत. कोंबडी तुकड्यांत न घेता अख्खी घ्यावी. हाडांचे पाणी डाळीला लावणे आमच्या आज्यांना ठाऊक होतेच. दही लावण्याऐवजी इथले लबन थेट कढीला चालते.

मंडईत एक पालेभाजी जुड्यांनी विकायला असते, तिला अरब रिजला म्हणतात. आमच्यातल्या एका मावशींनी ती पहिल्यांदा पाहिली आणि ओळखली: ही तर घोळ. मराठवाड्यात रानात फुकट उगवणारी, दुष्काळातही टिकणारी, आणि म्हणूनच गरिबाची म्हणून हिणवलेली भाजी. इथे ती अरब कुटुंबे आवडीने कोशिंबिरीत खातात. डाळ घालून शिजवलेली घोळ आता आमच्या अनेक घरांत आठवड्यातून एकदा होते, आणि मुलांना तिच्यामागची नाचक्की ठाऊक नाही. ज्वारीचेही असेच. भारतातून आलेले ज्वारीचे पीठ महाग पडते. पण या देशाच्या नैर्ऋत्येला, येमेनच्या सीमेलगतच्या जाझान प्रांतात, शेतकरी शतकानुशतके ज्वारी पिकवत आला आहे आणि तिच्या भाकऱ्या खात आला आहे. बाजरीला ते दुख्न म्हणतात. जाझानचा कोणी सहकारी असेल तर त्याला विचारावे. धान्य मिळते आणि गिरणीचा पत्ताही मिळतो.

कशात काटकसर करायची नाही, हेही आमच्या घरांत बोलून ठरले आहे. मुलांचे दूध आणि अंडी, घरातल्या स्त्रीचे औषध, आणि पुस्तके. तसेच वैशाख पौर्णिमेचे आणि १४ एप्रिलचे जेवण. इथे विहार नाही. वंदना घराघरांतच होते, दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबले भिंतीला सारून. त्या दिवशी प्रत्येक घरातून एक भांडे येते आणि त्यात काय आहे हे आधी कोणी विचारत नाही. एकाच्या घरून चिकन येते, एकाच्या घरून वांग्याचे भरीत, कोणी केरळी शेजाऱ्याकडून शिकलेली मासळीची आमटी आणते. गेल्या वर्षी एका मुलाने विचारले की भाकरी मागून आणायची म्हणजे नेमके काय करायचे, दार वाजवायचे का. वयाने मोठे असलेले दोघे-तिघे होते; त्यांनी त्याला जवळ बसवले आणि पळीने त्याच्या ताटात आमटी वाढत वाढत सांगितले.